विताना किती थांबायचं? गाय, म्हैस, शेळी, घोडी... प्रत्येकीचं घड्याळ वेगळं

गोठेकरी
गाय अडली की गोठ्याभोवती दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हात लावू नका, सुटेल आपोआप. दुसरा पाय दिसताक्षणी दोरी शोधायला धावतो. दोन्हींच्या नादात वासरं जातात, कधी गायही जाते. माझं मत असं की ‘किती थांबायचं’ याचं एकच उत्तर नाही. पोटात पिल्लं किती, वार (गाभाला पोसणारं आणि विल्यावर पडणारं आवरण) गर्भाशयाला कशी चिकटलेली आहे आणि कळांचा जोर कसा, यावर ते जनावरागणिक बदलतं.

गाईपासून सुरुवात करतो. गाभण काळ साधारण 280 दिवस, म्हणजे नऊ महिने नऊ दिवस हा जुना हिशेब बरोबर आहे. शेवटी कास भरते, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून लोंबतं, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे बंध सैल होऊन खड्डे पडतात. मग पहिला टप्पा: गाय ऊठबस करते, शेपटी उचलून धरते, बाजूला जाऊन उभी राहते. आत गर्भाशयाचं तोंड उघडत असतं. याला दोन ते सहा तास लागतात, पहिलारू कालवडीला बारासुद्धा. या वेळी हात घालायचं काही कारण नाही. पाणमोट, म्हणजे गाभाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसली की दुसरा टप्पा. जुनी गाय तासाभरात, पहिलारू दोनेक तासांत मोकळी व्हायला हवी. पाणमोट फुटून तास झाला, कळा जोराच्या आहेत आणि काहीच पुढे सरकत नाही, तर डॉक्टरांना फोन करा. तिसरा टप्पा वार पडण्याचा, बहुधा तीन ते आठ तास. बारा तास उलटले की वार अडकली असं धरायचं.

म्हैस, शेळी, मेंढी, घोडी, कुत्री यांचं ज्यांना नेमकं माहीत आहे त्यांनी लिहावं. आकडे द्या, आणि तसं का तेही सांगा.

तांबडी_माती
वाचनखूण साठवली. उत्तम धागा.

पाणकळा
म्हशीचं लिहितो. गाभण काळ 310 दिवसांच्या आसपास, दहा महिने दहा दिवस. टप्पे गाईसारखेच, पण म्हशीत एक धोका जास्त: गर्भाशयाला पीळ पडणं. गाभाचं वजन गर्भाशयाच्या एकाच बाजूच्या शिंगात (फाट्यात) असतं, गर्भाशय धरून ठेवणारे पडदे सैल असतात, त्यात म्हैस उठता-बसता किंवा डबक्यात लोळता गर्भाशय फिरतं. बहुतेक वेळा उजवीकडे.

हे बाहेरून ओळखायचं कसं? दिवस भरलेत, म्हैस अस्वस्थ आहे, पोटात लाथा मारते, थोड्या कळा येतात आणि थांबतात, पण पाणमोट काही दिसत नाही. पुष्कळ लोक इथे फसतात. म्हैस शांत झाली म्हणून ‘अजून वेळ आहे’ असं समजून रात्र काढतात. काही म्हशींत निरणाची एक कड आत ओढल्यासारखी दिसते. डॉक्टरांचा हात आत गेला की योनीच्या भिंतीवर स्क्रूच्या आट्यासारख्या घड्या लागतात, त्यावरून पिळाची बाजू कळते.

उपाय म्हणजे म्हैस फिरवणं. पीळ उजवीकडे असेल तर तिला उजव्या कुशीवर पाडायचं, पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधायचे. दहा-बारा फुटी फळी पोटावर तिरकी ठेवून तिचं खालचं टोक जमिनीला टेकवायचं आणि एका माणसाने फळीवर उभं राहायचं. मग पाय वरून फिरवत तिला सावकाश डाव्या कुशीवर आणायचं. फळीने गाभ जागीच दाबलेला राहतो आणि म्हशीचं अंग त्याच्याभोवती फिरून पीळ उलगडतो. प्रत्येक फेरीनंतर आत हात घालून तपासायचं. उलट दिशेने फिरवलं तर पीळ वाढतो, म्हणून बाजू नक्की झाल्याशिवाय हे करूच नये. उशीर जितका जास्त तितकी आशा कमी. मग सिझेरियनच उरतं, आणि रेडकू बहुधा गेलेलं असतं.

म्हणून म्हशीच्या बाबतीत नियम कडक ठेवा. कळा सुरू होऊन थांबल्या आणि चार-पाच तासांत पाणमोट नाही, तर वाट बघू नका.

व्हेट_विदर्भ
पाणकळा यांच्या प्रतिसादाला +१. एक जोड देतो: हे सगळे आकडे भरवल्याच्या (फळवल्याच्या) तारखेवर उभे आहेत. ती लिहिलेली नसेल तर ‘दिवस भरलेत’ हेच कळत नाही. गाईचा माज 12 ते 18 तास टिकतो आणि स्त्रीबीज माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं, म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन. गोठवलेल्या वीर्याची कांडी 37 अंशाच्या पाण्यात 30 सेकंद धरून लगेच वापरायची. बरेच जण खिशात किंवा तळहातात वितळवतात आणि मग गाय उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की सांडाला दोष देतात.

म्हशीत मुका माज फार, खास करून उन्हाळ्यात. गाईसारख्या त्या एकमेकींवर चढत नाहीत. सोट (माजातला चिकट स्राव) दिसतो तोही बसल्यावर जमिनीवर पडलेला. पहाटे आणि रात्री उशिरा बघणाऱ्यालाच तो सापडतो.

माळरान
शेळी-मेंढी. शेळी 150 दिवस, मेंढी दोन-तीन दिवस आधी. उस्मानाबादी शेळीत जुळी नेहमीचीच, तिळीही होतात. त्यामुळे अडण्याचं कारण गाईपेक्षा वेगळं असतं. गाईत वासरू मोठं म्हणून अडतं, शेळीत दोन करडं एकदम दारात येतात म्हणून. दोन पाय दिसले म्हणून ओढायला जाऊ नका. बोटं पायावरून मागे सरकवत खांद्यापर्यंत न्या, तिथून छातीवरून दुसऱ्या पायावर या. दोन्ही पाय एकाच करडाचे निघाले तरच ओढायचं. नाहीतर एकाला आत ढकलून दुसऱ्याला वाट द्यायची. हात साबणाने धुतलेला, नखं कापलेली, भरपूर वंगण. शेळीचं गर्भाशय पातळ असतं, चटकन फाटतं.

वेळ: जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि काही नाही तर तपासा. पहिल्या आणि दुसऱ्या करडात बहुधा पंधरा-वीस मिनिटांचं अंतर असतं. वार तीन-चार तासांत पडते.

अडचणीची सुरुवात खरं तर विण्याच्या दिवशी होतच नाही. गाभाची सत्तर टक्के वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमकी त्याच वेळी जुळ्यांनी पोट भरलेलं असतं, म्हणून शेळीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी. अशा वेळी नुसत्या कडब्यावर ठेवली तर ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळते, रक्तात कीटोन वाढतात, तोंडाला गोडसर वास येतो, शेळी दात खाते, भिंतीला डोकं टेकवून उभी राहते आणि बसली की उठत नाही. शेवटचे सहा आठवडे दाणा हळूहळू वाढवत रोज 250 ते 400 ग्रॅमवर न्यावा, दोन वेळा विभागून. एकदम वाढवला तर पोट आंबतं.

गोधडी
मेंढीला मात्र एकच कोकरू का? आमच्याकडच्या दख्खनी मेंढ्यांना जुळी क्वचितच होतात.

माळरान
@गोधडी, एका माजात किती स्त्रीबीजं पिकतात यावर ते ठरतं, आणि दख्खनीत बहुधा एकच पिकतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावरच काम केलं. सुंदरबनातल्या गरोळ नावाच्या छोट्या मेंढीत फेक-बी नावाचं जनुक आहे, त्यामुळे एका वेळी जास्त स्त्रीबीजं सुटतात. ते जनुक दख्खनी कळपात आणून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांचं प्रमाण चांगलं वाढतं. पण जुळी झाली म्हणजे दूध दुप्पट होत नाही. माळावर नुसत्या चराईवर असणाऱ्या कळपात दुसरं कोकरू जगवायचं तर आईला खुराक द्यावाच लागतो. तो जमणार नसेल तर एकच कोकरू बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तांबडी_माती
एक शंका. जुने लोक अडकलेल्या वारेला वीट किंवा चप्पल बांधतात. वजनाने ती हळूहळू सुटते असं म्हणतात. यात चूक काय?

व्हेट_विदर्भ
चूक मोठी आहे, आणि गोठेकरींचा मुद्दा इथेच कळतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची वार सगळीकडून चिकटलेली नसते. गर्भाशयाच्या आतून बटणांसारख्या गुंड्या असतात, गाईत साधारण 80 ते 120. वारेचे झुबके प्रत्येक गुंडीत खोल रुतलेले असतात. विण्याच्या आधी संप्रेरकं बदलतात, तेव्हा ते सैल पडतात आणि मग एकेक गुंडी सुटते. यालाच तास लागतात. वजन बांधलं तर सुटलेला भाग तुटून येतो, न सुटलेला आत राहून कुजतो, किंवा गुंडीच उखडून रक्तस्राव होतो. कधी गर्भाशयच उलटं होऊन बाहेर येतं.

लोंबणारी वार सडांना लागून घाण होत असेल तर तिला गाठ मारून वर घ्या किंवा घोट्याच्या वर कापा, एवढंच. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. गाईचं साधारण तापमान 101.5 फॅरनहाइट. 103 च्या वर गेलं, चारा सुटला किंवा दुर्गंधी आली की डॉक्टर बोलवा. ताप नसताना हाताने वार काढण्याचा आग्रह आता बहुतेक पशुवैद्यक धरत नाहीत.

सातव्या ते नवव्या महिन्यात गाय गाभडली (गाभ पडला) आणि वारही अडकली, तर ब्रुसेलोसिसचा संशय घ्या. तो माणसाला होतो. उघड्या हाताने वार, मेलेला गाभ किंवा स्राव हाताळू नका. हातमोजे घाला, सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना ओढू देऊ नका. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच लस द्यायची असते. गोऱ्ह्यांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत.

भीमथडी_स्वार
आता घोडीचं कळेल. तिची वार गर्भाशयाच्या सगळ्या पृष्ठभागावर पातळ पसरलेली असते, गुंड्या नाहीत. त्यामुळे ती झटक्यात सुटते. यात फायदा आहे आणि धोकाही. गाभण काळ सुमारे 340 दिवस, पण दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात. घोडी बहुतेक रात्री विते. पाणमोट फुटल्यापासून शिंगरू 20 ते 30 मिनिटांत बाहेर यायला हवं. गाईचा तास इथे लावला तर शिंगरू मेलेलंच येईल, कारण वार आधीच सुटत असते आणि आत त्याचा श्वास तुटतो. पाणमोट फुटून वीस मिनिटं झाली आणि पाय दिसले नाहीत तर फोन लावलेला असला पाहिजे.

सगळ्यात तातडीची गोष्ट: बाहेर पांढरी चकचकीत पिशवी दिसायच्या ऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी दिसली तर वार शिंगराच्या आधी सुटली आहे. कोणाची वाट न बघता ती लगेच फाडायची, आतली पांढरी पिशवीही फाडायची आणि कळेबरोबर शिंगरू ओढून घ्यायचं. हातात काही मिनिटंच असतात.

वार तीन तासांत पडली नाही तर घोडीत ती आणीबाणी आहे. तुकडा राहिला तरी रक्तात विष पसरून खूर धरतात आणि घोडी कायमची लंगडी होऊ शकते. पडलेली वार जमिनीवर पसरून दोन्ही शिंगांची टोकं शाबूत आहेत का ते बघावं.

गोठेकरी
भीमथडी_स्वार, हेच हवं होतं. गाईला बारा तास, घोडीला तीन, आणि कारण वारेच्या रचनेत.

श्वानसखी
कुत्री: 63 दिवस. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप मोजला तर वेळ हाती लागते. 101 च्या आसपासचं तापमान 99 फॅरनहाइटच्या खाली उतरलं की बहुधा 24 तासांत ती विते. जोराच्या कळा अर्धा तास चालू असून पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं असताना दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त अंतर, तर दवाखाना. हिरवा स्राव पहिल्या पिल्लानंतर नेहमीचाच, कारण कुत्रीच्या वारेच्या कडेला हिरवं रंगद्रव्य असतं. तोच पहिल्या पिल्लाच्या आधी दिसला आणि पिल्लू येत नसेल तर वार सुटली आहे, थांबू नका. मोठ्या डोक्याच्या जातींत, बुलडॉग, पग वगैरे, सिझेरियनची तयारी आधीपासूनच ठेवावी. स्वतःहून विऊ न शकणाऱ्या जातींची पैदास होत राहते याचं मला फार वाईट वाटतं.

ससेहोलपट
सशाला घड्याळ पुरत नाही, भिंतीवरचं कॅलेंडरच लागतं :) गाभण काळ 31 दिवस. मादीला ठराविक माजाचं चक्र नाही. समागमामुळेच दहा तासांनी स्त्रीबीजं सुटतात. मांजर आणि उंटीण यांचंही असंच. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, उलट केलं तर ती नराला चावते. 28 व्या दिवशी पेटी ठेवा, ती स्वतःच्या पोटाची लव उपटून घरटं करते. दिवसातून एकदा-दोनदाच, चार-पाच मिनिटं पाजते. म्हणून ‘आई पिल्लांजवळ जातच नाही’ असं समजून पिल्लं उचलू नका. सकाळी पोट टम्म दिसलं की झालं.

कोकणवासी
थोडं अवांतर. पोटात वाढवणं आणि अंडी घालणं हा भेद सापांत फार मजेशीर आहे. नाग, मण्यार, धामण अंडी घालतात. घोणस, फुरसं आणि चापडा (झाडावरचा हिरवा विषारी साप) पिल्लं घालतात, पण गाईसारखी आईकडून वारेतून पोसलेली नव्हेत. त्यांना अन्न अंड्यातल्या बलकाचंच, फक्त ते अंडं आईच्या पोटात ठेवलेलं. घोणस एका वेळी वीस-तीस पिल्लं सहज घालते. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाच्या तोंडापर्यंत ती दिसतात आणि जन्मतः विषारी असतात. गोठ्यात कडब्याखाली हात घालताना लक्षात ठेवा.

पाणकळा
अंड्यांचं निघालंच आहे म्हणून विचारतो. कोंबडीची अंडी यंत्रात फिरवत राहतात, आणि कोकणात वेळासच्या किनाऱ्यावरच्या समुद्री कासवांची अंडी अजिबात फिरवू नका म्हणतात. असं का?

कोकणवासी
@पाणकळा, कोंबडीच्या अंड्यात बलक दोन पिळदार दोऱ्यांनी मधोमध टांगलेला असतो. न फिरवल्यास गर्भ वर येऊन कवचाला चिकटतो, म्हणून 18 व्या दिवसापर्यंत फिरवायचं, मग शेवटचे तीन दिवस स्थिर. कासवाच्या अंड्यात त्या दोऱ्या नसतात. अंडं घातल्यानंतर काही तासांतच गर्भ वरच्या कवचाला चिकटतो आणि तिथूनच श्वास घेतो. त्यानंतर अंडं उलटलं तर गर्भ मरतो. म्हणून ऑलिव्ह रिडलेची (वेळासला येणाऱ्या कासवांची) अंडी संरक्षित जागी हलवायची तर लगेच, वरची बाजू वर ठेवूनच. आईने केलेल्या खड्ड्याइतकाच खोल, सुमारे दीड फूट, तसाच सुरईच्या आकाराचा खड्डा करतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, पिल्लं निघायला 45 ते 60 दिवस. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त.

गोधडी
गोठ्याकडे परत येते. गाईला जुळं झालं, एक कालवड, एक गोऱ्हा. कालवड वांझ निघते हे खरं का?

व्हेट_विदर्भ
गाईत खरं, दहातल्या नऊ वेळा तरी. जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याकडची संप्रेरकं व पेशी कालवडीत जाऊन तिचं गर्भाशय नीट घडत नाही. दुधासाठी ती वाढवण्याआधी तपासून घ्या. शेळीत जुळ्यांमुळे असं क्वचितच होतं. पण बिनशिंगी शेळी बिनशिंग्या बोकडाला दाखवली तर धड नर ना धड मादी अशी करडं निघतात. जोडीतला एक तरी शिंगांचा ठेवावा.

तांबडी_माती
आणि वार पडेपर्यंत वासराला चीक (विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध) पाजायचा नाही, हे?

व्हेट_विदर्भ
हे बंद व्हायलाच हवं. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं पोटात असतानाच मिळतात. गाय, म्हैस, शेळी, घोडी यांची वार ती जाऊच देत नाही. वासरू कोरं जन्मतं. त्याला ती फक्त चिकातून मिळतात, आणि आतडं ती जेमतेम 24 तास शोषतं, पहिल्या दोन तासांत सगळ्यात चांगलं. वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या दिवसात, म्हणजे 30 किलोच्या वासराला तीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. शिवाय वासरू सडाला लागलं की आईच्या अंगात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं. तेव्हा वारेसाठी चीक रोखून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. खरवस उरलेल्याचा करा.

वासराची नाळ शरीरापासून दोन इंचांवर ठेवून टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा, नुसतं शिंपडू नका.

गोठेकरी
चर्चा फार चांगली झाली. आता मूळ प्रश्नातला राहिलेला भाग: डॉक्टर यायला वेळ आहे आणि पाय दिसताहेत, तर घरच्याने काय बघायचं?

आधी पाय पुढचे की मागचे. खुरापासून वर हात न्या. पहिले दोन सांधे एकाच दिशेने वाकत असतील तर पुढचा पाय, एकमेकांच्या उलट वाकत असतील तर मागचा. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक, ही सरळ स्थिती. दोन पाय आहेत पण डोकं नाही, तर मान मागे वळलेली आहे. अशा वेळी ओढणं म्हणजे वासरू मारणं. नुसती शेपटी लागली आणि पाय नाहीत, तर ते आतच दुमडलेत. या दोन्हींत डॉक्टरच लागतात, तोवर गाय उभी ठेवा, चालवा.

स्थिती सरळ असेल तर दोरीचा एक फास घोट्याच्या वर, दुसरी आढी घोट्याच्या खाली, म्हणजे जोर एका जागी येऊन हाड मोडत नाही. फक्त कळेबरोबर ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. एकदा एक पाय, एकदा दुसरा, म्हणजे खांदे तिरके होऊन निघतात. डोकं बाहेर आलं की दिशा खाली, गाईच्या मागच्या ढोपरांकडे. दोन माणसांचा जोर पुरत नसेल तर तिसरा लावू नका, ट्रॅक्टर तर नाहीच नाही. मागचे पाय आधी येत असतील तर कंबर बाहेर आल्यावर अजिबात रेंगाळू नका, नाळ आत दाबली गेलेली असते आणि डोकं अजून पाण्यात असतं.

पाणकळा
@गोठेकरी, ढोपरांकडे ओढण्याचं कारणही लिहा. लोक सरळ मागे ओढतात.

गोठेकरी
वासराचा मार्ग कमानीसारखा आहे. आधी वर कटीच्या हाडावरून आणि मग खाली. सरळ ओढलं की वासराची कंबर आईच्या कटीच्या हाडात अडकते. अडकलीच तर वासराला थोडं आत ढकलून पाव फेरा फिरवा, म्हणजे त्याची रुंद बाजू आईच्या कटीच्या उंच बाजूत येते.

गोधडी
रात्री डॉक्टर मिळत नाहीत ही खरी अडचण. गाय दिवसा विण्यासाठी काही करता येतं का?

व्हेट_विदर्भ
बऱ्याच प्रमाणात येतं. शेवटचे तीन-चार आठवडे मुख्य चारा संध्याकाळी उशिरा, आठ-नऊच्या सुमारास द्या आणि सकाळी गव्हाण रिकामी ठेवा. अशा गाईंत दिवसा विण्याचं प्रमाण स्पष्ट वाढतं. सगळ्याच दिवसा वितील असं नाही, पहिलारूंवर रात्री नजर ठेवावीच. पाणी मात्र चोवीस तास.

भीमथडी_स्वार
घोडीवर ही युक्ती चालत नाही. ती अंधार आणि शांतता बघूनच विते. माणूस जवळ घुटमळत असेल तर कळा लांबवतेसुद्धा. लांबून, मंद दिव्यात बघा.